विंडोज ११ येत नाही? नवा लॅपटॉप घेण्याआधी बूट मोड तपासा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. तेव्हापासून अनेकजण विंडोज ११ टाकायला जातात आणि 'तुमचा पीसी पात्र नाही' असं कळल्यावर थेट नव्या मशीनचे भाव बघायला लागतात. थांबा. प्रत्येक वेळी पीसी जुना झालेला नसतो, कधीकधी फक्त एक सेटिंग जुनी असते.

पीसी चालू केला की विंडोजच्या आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं आणि विंडोज शोधतं. हे करायच्या दोन पद्धती आहेत: जुनी लेगसी बायोस आणि नवी यूईएफआय. विंडोज ११ ला यूईएफआय, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० लागतं. सिक्युअर बूट म्हणजे विंडोज सुरू करणाऱ्या फाइलची डिजिटल सही तपासणं, म्हणजे त्याआधी एखादा मालवेअर घुसू नये. 'बॅटलफील्ड ६' सारखे गेमही आता ते मागतात.

आधी स्टार्टमध्ये 'सिस्टम इन्फर्मेशन' उघडा आणि प्रोसेसर बघा. इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० सिरीजच्या आधीचा असेल, तर बहुतेक वेळा सेटिंग बदलून फायदा नाही. त्यापुढचा असेल आणि बायोस मोडसमोर 'लेगसी' दिसत असेल, तर आशा आहे.

पण इथेच खरी गंमत आहे. नुसतं लेगसीचं यूईएफआय केलंत तर विंडोज सुरूच होणार नाही, कारण लेगसीवाली डिस्क एमबीआर पद्धतीची असते आणि यूईएफआयमधून विंडोज सुरू व्हायला जीपीटी लागते. घाबरू नका, डेटा उडालेला नसतो. सेटिंग परत लेगसी केली की विंडोज येतं.

बरोबर क्रम असा:

१. महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप घ्या.
२. बिटलॉकर चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लिहून ठेवा आणि ते सस्पेंड करा.
३. विंडोज १० मध्येच असलेल्या एमबीआर-टू-जीपीटी टूलने आधी डिस्क तपासा, मग बदला. फॉरमॅटची गरज नाही.
४. त्यानंतरच फर्मवेअरमध्ये यूईएफआय आणि सिक्युअर बूट चालू करा. टीपीएम तिथे इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम नावाने सापडेल.

दुकानात कोणी 'फॉरमॅट मारावाच लागेल' म्हणालं, तर आधी या टूलबद्दल विचारा. सुरक्षेसाठी नियम कडक झाले हे ठीकच, पण त्यापायी चांगला चालणारा पीसी भंगारात जाऊ नये.