मुक्या सोबत्याचा दुसरा पालक

मुले परदेशी, जोडीदार गेलेला आणि घरात एक कुत्रा. पुण्यातील ज्येष्ठांच्या वसाहतींमध्ये राहायला येणाऱ्या काहींचे कुटुंब एवढेच उरलेले असते. तिथे वाद रंगतो तो प्राणी पाळू द्यावेत की नाही, यावर. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण सोसायटीला बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. खरा प्रश्न वेगळाच आहे. मालक आजारी पडला, तर त्या प्राण्याला कोण सांभाळणार?

प्राण्यामुळे चालणे होते, दिवसाला वेळापत्रक राहते, एकटेपणा हलका होतो. धोकेही आहेत. हाडे ठिसूळ झालेल्या वयात पट्ट्याला बसलेला एक हिसका खुब्याचे हाड मोडायला पुरतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर मांजराचा ओरखडाही बराच वेळ वाहतो. प्राण्याचे रेबीजचे लसीकरण वेळच्या वेळी करावे. तरीही तो चावला किंवा ओरखडला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी व त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

ही काळजी घेता येते. दुर्लक्षित राहतो तो दुसरा धोका. छातीत दुखत असूनही ‘याला कोण बघणार?’ म्हणून दाखल व्हायला नकार देणारे, शस्त्रक्रिया पुढे ढकलणारे, तिसऱ्याच दिवशी घरी सोडा म्हणून हट्ट धरणारे ज्येष्ठ असतात. त्याला हेकेखोरपणा म्हणणे सोपे आहे. पण त्यांच्या मागे दार बंद घरात एक जीव उपाशी असतो.

म्हणून वसाहतींनी प्रत्येक पाळीव प्राण्यासाठी ‘दुसरा पालक’ लेखी नोंदवून घ्यावा. त्याचा फोन क्रमांक, घराची जादा किल्ली, प्राण्याचे खाणे, औषधे, लसीचे कार्ड आणि पशुवैद्याचे नाव कार्यालयात असावे. दुसऱ्या पालकाची प्राण्याशी आधीच ओळख हवी. सत्तरीत नवा प्राणी आणायचाच, तर पिल्लू नको. कुत्रा १०-१२ वर्षे सहज जगतो, आणि दांडगे पिल्लू पायात घुटमळते. शांत, प्रौढ कुत्रा बरा.

रक्तगट आणि औषधांची यादी आपण पाकिटात ठेवतो. दुसऱ्या पालकाचे नावही तिथेच असावे. ते असेल, तर रुग्णवाहिकेत बसायला कोणी वेळ लावणार नाही.