हिमयुगं आली नि गेली, मग काय?

"पृथ्वीवर याआधीही हिमयुगं आली नि गेली, तेव्हा कुठे गाड्या नि कारखाने होते?" हे वाक्य महिन्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. बोलणारे बहुतेक आपल्यासारखेच, बीई झालेले, एक्सेल कोळून प्यायलेले. म्हणून वैताग जास्त.

मंडळी, सर्व्हर मागेही झोपला होता, म्हणजे आजचा माझ्या पॅचमुळे झोपलेला नाही, असं ऑफिसात सांगून बघा. मॅनेजर म्हणेल, लॉग दाखव! तर हिमयुगांचा लॉगही आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या बुडबुड्यांत तब्बल ८ लाख वर्षांची हवा अडकून पडलीये.

साधारण २१,००० वर्षांपूर्वी जवळजवळ अख्खा कॅनडा बर्फाखाली होता, काही ठिकाणी थर ३ किलोमीटरचा. एवढं पाणी अडकल्यावर समुद्र सुमारे १२० मीटर खाली गेला. बॉम्बे हायला आज पाणी साधारण ७५ मीटर खोल आहे. म्हणजे जिथे ओएनजीसीचे प्लॅटफॉर्म उभे आहेत तिथे तेव्हा चक्क कोरडी जमीन! आणि जगाचं सरासरी तापमान किती कमी होतं? जेमतेम ५-६ अंश.

याची सुरुवात पृथ्वीच्या कक्षेतल्या नि आसाच्या कलातल्या बारीक फरकांनी होते. मिलांकोविचने हे गणित हाताने केलं (आपल्याला बेरजेलाही मोबाईल लागतो, असो), आणि १९७६ मध्ये समुद्रतळाच्या गाळातून त्याला भक्कम पुरावा मिळाला. गंमत म्हणजे या फरकांनी वर्षभरात मिळणारं एकूण ऊन फारसं बदलतच नाही. उत्तरेतला उन्हाळा सौम्य होतो, जुना बर्फ वितळत नाही, पांढरा बर्फ ऊन परतवतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घटतो, थंडी आणखी वाढते. धक्का चिमूटभर, परिणाम ३ किलोमीटर. अशा सिस्टिमच्या इतिहासावरून "काही होत नाही हो" हा निष्कर्ष निघतोच कसा?

आता वेग. हिमयुग संपताना हा वायू दहा लाखांत १८०-१९० भागांवरून २६० च्या पुढे जायला हजारो वर्षं लागली. १९५८ साली तो ३१५ च्या आसपास होता. आज ४२० च्या वर आहे.

यावर हुकमी एक्का येतो: "पण तेव्हा तापमान आधी वाढलं, वायू नंतर!" अंटार्क्टिकात, हो. फीडबॅक लूप आहे तो, राजा. तेव्हा कक्षेने एका दाराने लूप चालू केला, यावेळी आपण दुसऱ्या दाराने घुसलोय. नुसत्या कक्षेच्या हिशेबाने तर उत्तर गोलार्ध आत्ता हळूहळू थंड व्हायला हवा होता.