पाषाणमाशीचा नर कसा ओळखावा?

डोंगरांतील वाहत्या ओढ्यांत पाण्याखालचा एखादा धोंडा उलटून पाहिल्यास त्याच्या खालच्या अंगास चिकटलेले, चपटे आणि शेपटीस दोन लांब धागे असलेले किडे कधीं कधीं दृष्टीस पडतात. इंग्रजींत ज्यास 'स्टोनफ्लाय' म्हणतात त्या कीटकाचीं हीं पिलें होत. आम्ही या लेखापुरतें त्यास पाषाणमाशी म्हणतों. हिच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या असून 'निओपर्ला' या कुळींतील कांहीं जाती आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतही आहेत. तथापि या कीटकांचा सर्वांत कसून अभ्यास युरोप व उत्तर अमेरिका येथें झाला असल्यामुळें पुढील बहुतेक उदाहरणें तिकडचीं आहेत.

पिलाची वाढ पुरी झाली म्हणजे तें पाण्याबाहेर येऊन शेवटची कात टाकतें व त्यांतून पंखवाली माशी निघते. प्रथम ती पाषाणमाशीच आहे ना, याची खात्री करून घ्यावी. बसतांना तिचे चारी पातळ पंख पाठीवर एकावर एक सपाट पडलेले असतात. मागच्या पंखाचा रुंद भाग पंख्यासारखा घडी घालून ठेवलेला असतो. मिशा लांब आणि प्रत्येक पावलाचे तुकडे तीन. 'मेफ्लाय' नांवाचा कीटकही ओढ्याकांठींच असतो, परंतु तो पंख उभे धरतो व त्याच्या मिशा अगदीं आखूड असतात. 'कॅडिसफ्लाय'चे पंख केंसाळ असून घराच्या छपरासारखे उतरते राहतात, आणि तिला शेपटीचे धागे नसतात.

नर कोणता व मादी कोणती, हें केवळ आकारावरून ठरवूं नये. नर बहुधा लहान असतो हें खरें. युरोपांतील कांहीं मोठ्या जातींत तर नराचे पंख इतके आखूड असतात कीं, त्याला उडतांही येत नाहीं. पण खरी खूण उदराच्या खालच्या बाजूस आहे. मादीच्या आठव्या वलयाची कड मागें वाढून तिचें एक झांकण झालेलें असतें. नरास तें नसतें. त्याची सारी विशेष रचना नवव्या व दहाव्या वलयांशीं असते.

कूळ ठरविण्यास आणखी खुणा आहेत. पिलाच्या अंगावर श्वासासाठीं जे झुबके असतात त्यांचे सुकलेले अवशेष मोठ्या माशीच्या अंगावरही राहतात. 'पर्लिडी' कुळांत ते छातीखालीं, पायांच्या मुळाशीं दिसतात. 'टेरोनार्सिडी' या मोठाल्या माशांच्या कुळांत ते उदराच्या पहिल्या दोन-तीन वलयांवरही असतात. 'ल्युक्ट्रिडी' आपले पंख अंगाभोंवतीं गुंडाळून घेते, त्यामुळें ती सुईसारखी बारीक दिसते. 'कॅप्निडी' कुळांतील काळ्या, चिमुकल्या माशा भर हिंवाळ्यांत बर्फावरून चालत असतात.

परंतु जात ठरवावयाची म्हणजे नराच्या उदराचें टोकच पाहावें लागतें. दहाव्या वलयाच्या वर एक अंकुश असतो. कोठें तो आखूड व बोथट, कोठें लांब होऊन पाठीवर पुढें वळलेला. कांहीं पर्लिडींत तेंच वलय मधोमध दुभंगून त्याच्या दोन्ही बाजूंस आंकडे फुटलेले असतात. कित्येकांत नवव्या वलयाच्या खालीं हातोडीसारखा एक उंचवटा असतो. उत्तर गोलार्धांतील पुष्कळ जातींचे नर उदर फांदीवर आपटून ताल धरतात व मादी त्यास तालानेंच उत्तर देते. प्रत्येक जातीचा ताल निराळा असल्यामुळें त्यांची गफलत होत नाहीं. निओपर्लासारख्या कुळींत मात्र बाहेरच्या खुणाही पुरत नाहींत. नराच्या आंतील मऊ इंद्रिय हलकेच बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासावें लागतें. नीडहॅम व क्लासेन यांनीं १९२५ सालीं उत्तर अमेरिकेंतील पाषाणमाशांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यांतही या टोकांच्या आकृत्यांस मोठें स्थान आहे.

याच कारणास्तव अभ्यासक या माश्या टांचणीवर टोंचून न ठेवतां सुमारें ८० टक्के अल्कोहोलांत ठेवतात. वाळलेल्या माशीचें टोक आक्रसतें व खुणा बिघडतात. अल्कोहोलांत रंग उडतो, म्हणून रंगावर भिस्त ठेवूं नये. स्थळ व तारीख शिसपेन्सिलीनें लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आंतच टाकावी. बाहेरची चिठ्ठी गळून पडली कीं नमुन्याची किंमत गेली.

एवढ्याशा माशीच्या शेपटीसाठीं हा सारा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर अमेरिकेच्या माँटाना संस्थानांतील ग्लेशिअर राष्ट्रीय उद्यानांत मिळतें. तेथील हिमनद्यांच्या वितळत्या, अतिथंड पाण्यांत 'झपाडा ग्लेशिअर' नांवाची पाषाणमाशी राहते. बाउमन व गॉफिन यांनीं १९७१ सालीं तिचें वर्णन केलें. तिचीं पिलें तिच्या भगिनी-जातींच्या पिलांहून डोळ्यांनीं वेगळीं काढतां येत नाहींत. म्हणजे ओढ्यांत शेंकडों पिलें सांपडलीं, तरी ही जात तेथें टिकून आहे कीं नाहीं, हें सांगण्यास पूर्ण वाढलेली माशी हातीं यावी लागे. अलीकडे अनुवंशद्रव्याच्या तपासणीनें ती अडचण पुष्कळ दूर झाली आहे. इकडे हिमनद्या आटत चालल्या. १८५० च्या सुमारास त्या मुलुखांत दीडशेच्या आसपास हिमनद्या होत्या, त्यांपैकीं २०१५ च्या मोजणींत अवघ्या २६ उरल्या. शेवटीं २०१९ सालीं अमेरिकन सरकारनें या माशीस कायद्याचें संरक्षण दिलें. तिच्या शेजारच्या ओढ्यांतील सामान्य माशीपासून तिला अचूक वेगळें काढतां आलें नसतें, तर हें संरक्षण मागावयाचें कोणासाठीं? जिला नांवच नाहीं, ती नाहींशी झाली तरी कोणास कळत नाहीं.

आपल्या डोंगरी ओढ्यांसही हें लागू आहे. पाषाणमाशीस थंड, वाहतें व निर्मळ पाणी लागतें. पाणी बिघडलें कीं ती आधीं निघून जाते. घरांतील मुलांनीं एखादें साधें भिंग घेऊन वडिलांसमवेत ओढ्याकांठीं जावें, धोंडा उलटून पाहावा आणि पाहून झाल्यावर होता तसा परत ठेवावा. कांठच्या झुडपांवर पंखवाली माशी दिसली, तर तिच्या उदराचें टोक आधीं न्याहाळावें.