परदेशी जावे कोणी?

विद्यापीठातून परदेशी जायचे ते कुलगुरूंनी, फार तर प्राध्यापकांनी, अशी आपली रूढ समजूत आहे. परीक्षा विभागातील कक्षाधिकाऱ्याने परदेशी विद्यापीठात आठवडाभर जाऊन बसावे, ही कल्पनाच आपल्याला चैन वाटते. युरोपात ती तशी मानली जात नाही. १९८७ साली विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या इरॅस्मस योजनेत पुढे प्रशासकीय कर्मचाऱ्यांनाही स्थान मिळाले. आजच्या 'इरॅस्मस प्लस'मध्ये ते २ दिवसांपासून २ महिन्यांपर्यंत दुसऱ्या देशातील संस्थेत प्रशिक्षण घेऊ शकतात.

याची गरज काय? युरोपीय पद्धतीत एका वर्षाचे श्रेयांक ६०, तर आपल्या २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात ४०. विद्यार्थी तिकडून परतला, की या दोन हिशेबांची सांगड घालणारा माणूस वस्तुतः अनुवादकच असतो. नुसता कोश उघडून अनुवाद साधत नाही, हे साहित्याच्या अभ्यासकांना वेगळे सांगायला नको. आकड्यामागचे अध्यापन, वाचन आणि मूल्यमापन अधिकाऱ्याने कधी पाहिलेच नसेल, तर तो नियमाच्या आडोशाला जातो आणि विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी आंतरराष्ट्रीय व्यवहारांसाठी स्वतंत्र कार्यालय सुचवले. पाटी लावणे सोपे आहे. त्या पाटीखाली बसणाऱ्याला आधी दुसऱ्यांचे कार्यालय पाहू द्यावे. मात्र परतताच त्याची भलत्याच विभागात बदली होणार असेल, तर तो सारा खटाटोप पर्यटनच ठरेल.