बंब पायथ्याशी, आग माथ्यावर

आमच्या तालुक्याच्या गावात नगरपरिषदेचं अग्निशमन केंद्र आहे. केंद्र म्हणजे बाजारपेठेमागची पत्र्याची शेड, एक बंब आणि पाळ्या लावून ड्युटी करणारी मोजकी माणसं. तिथली वर्दीची वही चाळली की तालुक्याचं अख्खं वर्ष डोळ्यांखालून जातं. जून-जुलैत रस्त्यावर आडवी झालेली झाडं आणि दुकानांत शिरलेलं पाणी. गणपतीत शॉर्टसर्किट. मधेच कधी विहिरीत पडलेली म्हैस, कधी घाटात उलटलेला ट्रक. दिवाळी सरली की मात्र मे अखेरपर्यंत पानामागून पान एकच नोंद असते: ‘गवतास आग’.

या वर्दीचा फोन बहुतेक दुपारी येतो. पलीकडचा माणूस धापा टाकत असतो. “दादा, बंब पाठवा लवकर. सड्यावर वणवा लागलाय, कलमांकडे सरकतोय.”

“वर गाडी जाते काय?”

“खालच्या वाडीपर्यंत जाते. तिथून पाखाडी.”

बंबाची अडचण इथेच सुरू होते. त्यात साडेचार हजार लिटर पाणी असलं, तरी पूर्ण दाबाने सोडल्यावर ते काही मिनिटांत संपतं. होजच्या लांब्या एकमेकींना जोडत वर न्याव्यात, तर दर दहा मीटर चढाला साधारण एक बार दाब घटतो. म्हणून बंब पायथ्याशी थांबून घरं आणि गोठे राखतो आणि माणसं हिरव्या डहाळ्या तोडून डोंगराकडे धावतात. तिथेही नवखा कोण आणि मुरलेला कोण, ते लगेच कळतं. नवखा डहाळी जोरजोरात आपटतो आणि ठिणग्या आणखी पसरवतो. मुरलेला ती आगीवर दाबून धरतो, धूर कोंडला की पुढे सरकतो. तो आगीच्या वरच्या अंगाला कधीच उभा राहत नाही. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की ज्वाळा चढावर झुकतात, वरचं गवत आधीच तापवून ठेवतात आणि माणसाच्या पायांपेक्षा वेगाने वर येतात. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून अधिक ट्रेकर्स दगावले.

फांदीवर फांदी घासून वणवा पेटतो, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ही समजूत सोयीची, कारण तीत दोष कुणाचाच नसतो. प्रत्यक्षात वणव्यामागे बहुतेक वेळा माणूसच असतो. कुणी विडीचं थोटूक टाकतो. कुणी भाजावळ पेटवून जेवायला घरी जातो. कुणी डुकरं हुसकायला रान पेटवतो, तर कुणी जाळलं की पुढच्या साली गवत चांगलं येतं म्हणून. कधी लोंबलेल्या वीजतारांची ठिणगी पडते. निमित्त कोणतंही असो, होरपळतो तो नेमका हंगाम. त्याच महिन्यांत आंब्याला मोहोर आणि कैरी असते, काजूला बी धरलेली असते. झळ लागलेला मोहोर गळून जातो, आणि जळालेल्या कलमाच्या जागी नवं लावलं तर ते फळाला यायला वर्षं जातात.

मग हे रान राखायचं कुणी? मेळघाट-ताडोब्यासारख्या सरकारी जंगलात वनखातं हंगामाआधी जाळरेषा काढतं, आगीवर नजर ठेवायला हंगामी माणसं नेमतं. खात्याच्या हिशेबी आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. वर्दी द्यायला १९२६ हा क्रमांकही आहे. पण कोकणातलं बहुतेक रान खासगी मालकीचं. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांमध्ये अग्निशमन सेवा आहे. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत, त्यांत ती नाही. त्यामुळे गावाकडे रान आहे, बंब नाही. शहराकडे बंब आहे, रान नाही. तरीही हद्द न बघता बंब जातो, ही त्या माणसांची माणुसकी. पण तो पंधरा-वीस किलोमीटरवरच्या डोंगराशी अडकलेला असताना बाजारपेठेत सिलिंडर पेटला तर काय, याचं उत्तर कुणाकडे नाही.

पूर्वी सड्यावर गवत एवढं उभंच राहत नसे. गुरं होती, कौलांआधीची गवती छपरं होती. दसरा-दिवाळीला विळे चालत आणि भारे घरी येत. आता गोठे रिकामे आणि मालक मुंबईत. एकेका सातबारावर डझनभर नावं, आणि गवत कापायची मजुरी कुणी द्यायची यावर कुणाचंच एकमत नाही. डोंगर पेटतो तो या न कापलेल्या गवतावर.

१४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशामक जवान कामी आले, त्यांची ही आठवण. सप्ताहात शाळांतून प्रात्यक्षिकं होतात, सिलिंडर कसा विझवावा ते दाखवतात. ते हवंच. पण एप्रिलपर्यंत आमचे निम्मे डोंगर काळे झालेले असतात. कोकणाला खरं प्रात्यक्षिक हवं ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात: बागेभोवती दहा-पंधरा फुटांचा पट्टा साफ कसा करायचा, कापलेलं गवत बाहेर कसं काढायचं, पातेरा न जाळता कलमांच्या आळ्यात कसा घालायचा, भाजावळ पहाटेच्या दवात, हाताशी पाणी आणि चार माणसं ठेवून कशी करायची. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाडीवार माणसं ठरवता येतात. रस्त्याकडेचा आणि वीजतारांखालचा पट्टा ग्रामपंचायत घेऊ शकते.

अडतं ते मालकांच्या संमतीपाशी, आणि संमतीचा मुहूर्त कोकणात वर्षातून एकदाच येतो. गणपतीला सातबारावरची बहुतेक नावं एका ओटीवर बसलेली असतात. आरती झाल्यावर, पत्त्यांचा डाव मांडायच्या आधी, घरातल्या वडीलधाऱ्याने सगळ्यांच्या सह्या आणि मजुरीचे पैसे तिथेच घ्यावेत. माणशी रक्कम एसटीच्या तिकिटाहून फार मोठी पडणार नाही. वाडीवाडीत एवढं झालं, तर मार्चच्या दुपारी बंब बाजारपेठेतच उभा असेल, आणि नगरपरिषदेने तो ठेवलाय तिथल्यासाठीच.