याचा उपयोग काय?

पालक सभेत दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो : “प्रयोगशाळेचे तास कमी करून परीक्षेची तयारी का वाढवत नाही? या प्रयोगांचा पुढे उपयोग काय?” प्रश्न कळकळीचा असतो, म्हणून उत्तरही मोकळेपणाने देत आहोत.

१९१७ साली आइन्स्टाइन यांनी सांगितले की उत्तेजित अणूवर योग्य प्रकाशकण आला, तर तो अणू अगदी तसाच दुसरा प्रकाशकण बाहेर टाकतो. त्या वेळी याचा उपयोग काहीच नव्हता. पुढे ४३ वर्षांनी, १९६० मध्ये, थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. तेव्हाही लोक थट्टा करीत, ‘उत्तर तर मिळाले, आता प्रश्न शोधा!’ १९६४ मध्ये बारामतीत जन्मलेल्या आणि पुण्यात इंजिनियर झालेल्या सी. के. एन. पटेल यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर तयार केला. आज तो लाकूड कापतो आणि शस्त्रक्रियेतही कामी येतो.

तीच गोष्ट नॅनोविज्ञानाची. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. काचेतील इतक्या सूक्ष्म कणांचा आकार बदलला की रंगही का बदलतो, हे कोडे अलेक्सेई एकिमोव १९८० च्या सुमारास सोडवत होते. त्याच कणांमुळे आज काही टीव्हींचे पडदे अधिक रंगीत दिसतात. २०२३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले.

प्रत्येक संशोधनातून वस्तू निघतेच असे नाही, हे आम्ही मान्य करतो. पण ‘असे का होते?’ हे कोणी विचारलेच नाही, तर उपयोगाची वेळ येतच नाही. आपल्या इंदुरातच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात लेसरचे मूलभूत संशोधन आणि त्याचे उपयोग एकाच आवारात चालतात. त्या आवारात उद्या आपली मुले दिसावीत, असे वाटत असेल तर आज त्यांच्या हाती भिंग आणि लोलक द्यावे लागतील.

म्हणून प्रयोगशाळेचे तास आम्ही कमी करणार नाही. विश्वस्तांना विनंती, की फुटलेल्या लोलकांचा खर्च वाया गेला असे समजू नये. पालकांना विनंती, की संध्याकाळी ‘किती मार्क मिळाले?’ याआधी ‘आज काय पाहिलेस?’ असे विचारावे. आणि मुलांनो, तुम्ही ‘का?’ विचारत राहा.