घर स्वस्त की महाग?

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्या काळात रूढ झाली, त्या काळात गृहस्थ घर स्वतः बांधत असे. पाया खणला जाताना तो उभा असे आणि वाशांचे लाकूड तो स्वतः पारखून घेई. आजचा गृहस्थ घर बांधत नाही, विकत घेतो. आणि पुष्कळदा उभे नसलेलेच घर विकत घेतो. मुंबईत नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबापुढे बदलापूर, अंबरनाथ, टिटवाळा, नालासोपारा किंवा विरार येथील एक-दोन खोल्यांच्या सदनिकेचे चित्र जाहिरातीतून उभे राहते. किंमत तीस-चाळीस लाख, हप्ता आवाक्यातला, स्थानक 'दहा मिनिटांवर'. हे घर घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता व्यक्तिगत आहे. परंतु लक्षावधी कुटुंबे एकाच वेळी ज्या प्रश्नाला सामोरी जातात, तो केवळ व्यक्तिगत राहत नाही.

या स्थलांतराला मोठा इतिहास आहे. गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील चाळींतून मराठी माणूस आधी ठाणे-डोंबिवलीकडे आणि मग आणखी पुढे सरकत गेला. 1982च्या गिरणी संपाने या प्रवासाला गती दिली. मुंबईतील जागेचे भाव नोकरदाराच्या पगाराशी कोणताही संबंध न ठेवता वाढत गेले आणि लोहमार्ग जिथवर पोहोचला तिथवर वस्ती पोहोचली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून डोंबिवली 48 किलोमीटर, तर बदलापूर 68 किलोमीटर आहे. अंतर वाढते तशी किंमत उतरते. जाहिरात उतरलेली किंमत ठळक छापते. वाढलेल्या अंतराचे मोल मात्र कुटुंबाला स्वतःच मांडावे लागते.

प्रथम पैशाचा हिशेब पाहू. तीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे 26 हजार रुपये येतो आणि अखेरीस एकूण साडेबासष्ट लाख रुपये भरले जातात. मुदलाहून व्याज अधिक! हेच कर्ज पंधरा वर्षांत फेडायचे ठरवले, तर हप्ता साडेतीन हजारांनी वाढतो, पण एकूण भरण्यात नऊ लाखांहून अधिक रक्कम वाचते. त्यावर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क आहेच. काम चालू असलेल्या इमारतीतील सदनिकेवर वस्तू व सेवा कर लागतो. मुंबई महानगर प्रदेशात 60 चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र आणि 45 लाखांपर्यंत किंमत असेल, तर 1 एप्रिल 2019 पासून त्याचा दर एक टक्का आहे. अन्यथा पाच टक्के. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या सदनिकेवर हा कर नाही. शिवाय देखभाल खर्च, मालमत्ता कर, रेल्वेचा पास, स्थानकापर्यंतची रिक्षा आणि पाणी पुरेसे नसेल तर टँकर, हे सारे महिन्याच्या खर्चात धरावे लागते. आई-वडिलांचे आजारपण आणि मुलांचे शिक्षण यांसाठी हाती काही न उरता हप्ता भरावा लागत असेल, तर ते घर त्या कुटुंबाला परवडत नाही, मग जाहिरातीत त्याला कितीही 'परवडणारे' म्हटलेले असो.

दुसरा हिशेब वेळेचा. बदलापूरच्या घरातून दक्षिण मुंबईतील कार्यालयात जायला-यायला मिळून चार तास धरले आणि वर्षातले 280 दिवस कामाचे मानले, तर वर्षाला 1,120 तास, म्हणजे जवळजवळ 47 अहोरात्र प्रवासात जातात. वीस वर्षांच्या कर्जाच्या काळात आयुष्याची अडीच वर्षे लोकलच्या डब्यात उभ्याने सरतात. ही अडीच वर्षे कोणाची? ज्या वडिलांची मुलांशी गाठ फक्त रविवारी पडते, ज्या आईला पहाटे चारला उठून डबे करून गाडी पकडावी लागते, त्यांची. संस्कारांचे महत्त्व सांगणाऱ्या समाजाने संस्कारांसाठी लागणारा वेळ कोठून येणार, याचाही विचार केला पाहिजे. हा प्रवास निव्वळ दगदगीचाच नाही, जिवावरचाही आहे. 9 जून 2025 रोजी मुंब्रा-दिवा परिसरात गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांना प्राण गमवावे लागले, ती घटना ताजीच आहे.

तिसरा आणि सर्वांत गंभीर हिशेब कागदपत्रांचा. 2016चा स्थावर संपदा कायदा आणि 1 मे 2017 पासून कार्यरत झालेले 'महारेरा' यांमुळे ग्राहकाच्या हाती अधिकार आले, हे निःसंशय. किंमत चटई क्षेत्रावर ठरू लागली. नोंदणीकृत करारनाम्याविना दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई झाली. ग्राहकांच्या पैशातील 70 टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक झाले. ताबा लांबल्यास व्याज वा परतावा आणि बांधकामातील दोषांसाठी पाच वर्षांचे उत्तरदायित्व आले. तरीही नोंदणी क्रमांक म्हणजे अभयपत्र नव्हे, हे कल्याण-डोंबिवलीतील 65 इमारतींच्या प्रकरणाने दाखवून दिले. महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून या प्रकल्पांनी नोंदणी मिळवल्याचे उघड झाले आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्रासारख्या सार्वजनिक कामासाठी राखीव असलेल्या भूखंडांवर उभ्या राहिलेल्या 41 इमारतींवरही बुलडोझर फिरला. 4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्यावर अनधिकृत इमारत कोसळून 74 जणांचा बळी गेला होता. म्हणजे धोका केवळ पैशाचा नाही.

म्हणून संगणकावर नोंदणी क्रमांक पाहून थांबू नये. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात तो खरा आहे का, हे समक्ष तपासावे. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, बिगरशेती आदेश आणि विकास आराखड्यातील आरक्षण पाहावे. वकील आपला असावा, विकासकाने सुचवलेला नसावा. त्याच्याकडून किमान तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे मालकी निर्दोष ठरली, असे समजू नये. नदीकाठच्या प्रकल्पांत पूररेषा विचारावी. 26 जुलै 2005 रोजी उल्हास नदीने बदलापुरात काय केले आणि जुलै 2019 मध्ये बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात कशी अडकली, हे तेथील रहिवासी सांगतील. नमुना सदनिका दिव्यांच्या झगमगाटात पाहण्यापेक्षा जागा भर पावसात पाहावी, आणि एकदा सकाळी आठच्या गाडीने तेथून कार्यालयात जाऊन पाहावे.

मग भाड्याने राहावे काय? ज्या घराचा हप्ता 26 हजार होतो, तसेच घर त्याच गल्लीत बारा हजारांत भाड्याने मिळत असेल आणि नोकरी स्थिर नसेल, तर दोन-तीन वर्षे भाड्याने राहून उरलेली रक्कम साठवण्यात कमीपणा कसला? लग्न जुळवताना 'स्वतःचे घर आहे का?' हा पहिला प्रश्न विचारणारी आपली समाजरीत अनेक तरुणांना अकाली कर्जात लोटते. ही रीत बदलण्याचे काम कायद्याचे नाही, कुटुंबांचे आहे. मात्र ज्याची मिळकत स्थिर आहे, कामाची जागा त्याच मार्गावर आहे आणि कागदपत्रे खरी ठरली आहेत, त्याने भाव उतरण्याची वाट पाहत आयुष्य घालवू नये. शक्यतो भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले तयार घर घ्यावे आणि तेथे रुजावे.

रुजणे हा शब्द महत्त्वाचा. डोंबिवली एके काळी केवळ झोपायला परतण्याचे गाव मानले जाई. तेथील रहिवाशांनी ग्रंथालये, शाळा, व्याख्यानमाला उभ्या केल्या. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा तेथून सुरू होऊन महाराष्ट्रभर पसरली आणि 2017 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले. विकासक भिंती बांधतो. वस्तीचे गाव रहिवाशांनाच करावे लागते. त्याची पहिली पायरी म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्था. ती वेळेवर स्थापन करणे, जमिनीचे अभिहस्तांतरण करून घेणे आणि विकासक टाळाटाळ करत असेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग धरणे, ही कामे कंटाळवाणी असली तरी घराखालची जमीन त्यांनीच संस्थेच्या नावावर होते.

परंतु सारी सावधगिरी ग्राहकानेच बाळगायची, हा न्याय नव्हे. पाच-सात मजली इमारत रात्रीतून उभी राहत नाही. ती उभी राहत असताना प्रभाग अधिकारी त्याच रस्त्याने जात असतो. वीज जोडली जाते, कर आकारला जातो, दस्त नोंदवला जातो; शासन प्रत्येक टप्प्यावर शुल्क घेते आणि शेवटी हेच शासन रहिवाशाला 'अनधिकृत' ठरवते. इमारत पाडली जाते, पण कर्जाचा हप्ता चालूच राहतो. मुद्रांक शुल्क स्वीकारणाऱ्या शासनाने त्या इमारतीच्या परवानगीची खातरजमा दस्त नोंदवण्यापूर्वीच करावी आणि डोळेझाक करणाऱ्या अधिकाऱ्यांकडून व विकासकाच्या मालमत्तेतून फसलेल्या कुटुंबाची भरपाई वसूल करावी, ही मागणी अवाजवी नाही. अनधिकृत इमारत सर्वांत स्वस्तात पाडता येते ती तिचा पाया घातला जात असताना. तेव्हा गप्प बसणाऱ्यांना जाब विचारला गेला, तरच आयुष्यभराच्या पुंजीतून घेतलेले घर खऱ्या अर्थाने परवडणारे ठरेल.